अंश, छेद आणि अंडं

फेब्रुवारी २०२४ मध्ये चुलतभावाच्या लग्नासाठी चार दिवस गावी होतो. गंगाखेड तालुक्यातलं गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक ओसरीवर येऊन बसले. चहा झाला, पुण्यातल्या पगाराची चौकशी झाली, आणि मग त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "तुम्ही इंजिनिअर आहात. एवढं जरा एक्सेलमध्ये घालून टक्का काढून द्या. वर कळवायचंय." (एक्सेल सरांना माझ्याइतकंच येत असणार. जिल्हा परिषदेचे शिक्षक जेवढी माहिती भरतात तेवढी आमच्या कंपनीतला डेटावालाही भरत नाही. लॅपटॉप मात्र त्या दिवशी माझ्याकडे होता.)

गठ्ठा पालकांच्या संमतिपत्रांचा होता. प्रश्न एकच: आपल्या पाल्याला शालेय पोषण आहारात अंडं द्यावं का? हो किंवा नाही, आणि खाली सही.

मागची गोष्ट अशी. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा स्थानिक फळ. त्यावरून राज्यभर गदारोळ झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारने नवी मेख मारली: ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा अंड्याला विरोध असेल, तिथे कुणालाच अंडं द्यायचं नाही, सगळ्यांना फळ द्यायचं.

मी फॉर्म मोजले. एकूण ७१. त्यात 'नाही' ३१. पण शाळेचा पट ८६ चा होता. मी विचारलं, "सर, छेदात काय धरू? ७१ का ८६?"

सर म्हणाले, "आलेलेच धरा. जे आलेच नाहीत त्यांचं काय मत धरणार?"

३१ भागिले ७१ म्हणजे ४३.६६. ३१ भागिले ८६ म्हणजे ३६.०५. चाळीसची रेघ या दोघांच्या बरोबर मधे. मी ७१ टाकले आणि एंटर दाबलं. सरांनी आकडा कागदावर उतरवून घेतला आणि गेले. दोन वर्षं होत आली, तो आकडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

न आलेले पंधरा फॉर्म कुणाचे होते हे गावात कुणालाही सांगता येईल. गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यातून दिवाळीनंतर टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. फेब्रुवारीत सभा बोलावली तर आई-बाप असतात कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर. काही लेकरं त्यांच्याबरोबर, काही मागे आजीपाशी. पटावर नाव दोघांचंही. आठवड्याच्या त्या एका अंड्याची ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तीच पंधरा लेकरं मी छेदातून वगळली. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. 'आलेलेच धरा' हे इतकं साधं वाटलं की त्यात काही ठरवलं जातंय असंही जाणवलं नाही. आमच्या धंद्यात बरेचसे घोळ असेच होतात: रिकामी रकाने फिल्टर करून टाकायचे आणि उरलेल्यांना 'सगळे' म्हणायचं.

पण हिशोबाची चूक बाजूला ठेवली तरी त्या नियमातच काहीतरी वाकडं आहे. आपल्या मुलाने अंडं खाऊ नये असं ज्या पालकाला वाटतं, त्याच्यासाठी नोव्हेंबरच्या निर्णयातच सोय होती: केळं. त्याचा त्याच्या लेकरावरचा हक्क शाबूत होता, कुणी त्याला हातही लावला नव्हता. मग चाळीस टक्क्यांच्या अटीने त्याला नवीन काय दिलं? फक्त शेजाऱ्याच्या लेकराच्या ताटावरचा हक्क. 'पालकांची इच्छा' या नावाखाली जे आलं त्यात आपल्या लेकराबद्दल काहीच नव्हतं. आणि उलट्या बाजूने बघा. ज्या चाळीस जणांनी 'हो' लिहिलं, तेही पालकच होते ना? त्यांची इच्छा कुठे गेली?

हे मी आज एवढं ठासून लिहितोय, तर आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं.

आमचं घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात माळ होती, आबांच्या गळ्यात आहे. गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, आषाढीला आमच्याकडे घर ओस पडतं. घरात अंडं येत नाही, कांदा-लसूण एकादशीला बंद. हे कधी कुणी नियम म्हणून सांगितलं नाही. भिंतीला भिंत असते तसं ते होतं. सहावीत असताना मी मित्राच्या घरी अंड्याची पोळी खाल्ली. घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोहोचली होती. आजीने अंगणातच थांबवलं, चूळ भरायला लावली, कपडे बदलायला लावले. आबांनी हात उगारला नाही. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, बस.

त्यातून मी काय शिकलो? अंडं न खाणं शिकलो नाही. बातमी घरी पोहोचणार नाही अशा ठिकाणी खायला शिकलो. नांदेडला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पुण्यातली सहा वर्षं मी घरी फोनवर जे सांगत आलो त्यात "काय जेवलास?" या प्रश्नाचं खरं उत्तर क्वचितच असेल. आईला वरणभात सांगायचा आणि समोर ऑम्लेट. मोठी माणसं एकमेकांशी खोटं बोलतात ते पैशांवरून किंवा प्रेमावरून. आम्ही दहा वर्षं अंड्यावरून बोललो.

मराठीत आई-बाप आणि ताट यांचं जे चित्र आपल्या मनात बसलंय, ते बरंचसं एका पुस्तकाने बसवलंय. साने गुरुजींचं 'श्यामची आई', १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. त्यात 'अळणी भाजी' नावाचं प्रकरण आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील एक शब्द न बोलता जेवतात, मुलंही त्यांच्याकडे बघून गप्प जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. शाळेत हा प्रसंग संयमाचा धडा म्हणून शिकवला गेला आणि वडिलांचा चांगुलपणा त्यात आहेच, तो मी नाकारत नाही. बायकोला मिठावरून बोलणारे पुरुष आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण आज वाचताना मला दोन गोष्टी टोचतात. स्वयंपाक करणारी सगळ्यात शेवटी जेवते, म्हणून तिला सगळ्यात शेवटी कळतं, ही गोष्ट प्रकरण सहज ओलांडून जातं. आणि मुलांच्या जिभेला त्या पंगतीत काही स्थान नाही. ताटात जे पडेल ते न बोलता खाणं म्हणजे संस्कार. चव लागली नाही असं म्हणणारं लेकरू वाईट नव्हे, पण कच्चं. आमच्या घरातली शांतताही तिथलीच आहे असं मला वाटतं. आबांनी ते पुस्तक वाचलंय का मला माहीत नाही. वाचायची गरजही नव्हती.

या चित्राला पहिला मोठा तडा माझ्यासाठी दुसऱ्या पुस्तकाने दिला, आणि तेही मराठवाड्यातल्याच. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ मध्ये आलेलं. पाटोळे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. मांग आणि महार घरांतलं खाणं, त्याच्या कृती, आठवणी आणि धर्मग्रंथांशी घातलेला वाद असं सगळं त्यात एकत्र आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, तेव्हा कुठे ऑफिसातल्या लोकांनी मला विचारलं की असं काही तुमच्याकडे खातात का. शीर्षकातच सगळा वाद आहे. शाळेत खिचडीच्या आधी आम्ही हात जोडून जो श्लोक म्हणायचो, त्यातल्या अन्नाच्या व्याख्येला त्यांनी एक 'अ' लावला आणि ती उलटी केली.

पुस्तक म्हणून ते मला सगळंच सारखं आवडलं असं नाही. वाद घालताना ते तापतं आणि पुन्हा पुन्हा त्याच मुद्द्यावर येतं. स्वयंपाक करताना मात्र ते फार वर जातं. तेल, तूप, दूध जवळपास नाहीच अशा चुलीवर काय काय होतं हे वाचताना लक्षात येतं की 'आमच्या घरात हे चालत नाही' हे वाक्य उच्चारायला आधी घरात काहीतरी जास्तीचं असावं लागतं. निवड करणाऱ्यालाच नकार परवडतो. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या ताटात काय पडेल हे गाव ठरवत आलं, त्या घरातल्या आईने मुलाच्या खाण्यावर 'नियंत्रण' ठेवायचं म्हणजे काय ठेवायचं? तिच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता: आहे ते किती जणांत वाटायचं. पालकत्वाचे सगळे सल्ले भरल्या घरात लिहिले जातात, हे मला या पुस्तकाने शिकवलं. पाटोळ्यांना बहुधा काही वेगळंच शिकवायचं असेल, पण वाचक आपल्याला हवं ते उचलतो.

सल्ल्यांवरून आठवलं. पुण्यात माझ्या टीममध्ये तिघं नुकतेच आई-बाप झालेत आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. बाळाच्या हातात घास द्या, भरवू नका. ताट संपवायची सक्ती नको. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी तर सगळ्यांना पाठ आहे: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती आणि खायचं की नाही हे लेकराने. मला ही वाटणी मनापासून पटते. माझ्या आईने मला पकडून, नाक दाबून जेवढी पालेभाजी भरवली, तेवढी मी नंतरच्या आयुष्यात टाळली आहे.

पण लेकरावर सोडा म्हणणाऱ्यांनी एक जुना प्रयोग पूर्ण वाचावा. क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरने १९२० च्या दशकात अमेरिकेत पंधरा तान्ह्या मुलांना आपलं अन्न आपण निवडायला दिलं. ट्रेमध्ये वेगवेगळ्या वाट्या, आणि नर्सला ताकीद की मूल हात पुढे करेल त्याच वाटीतला घास द्यायचा, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मुलं वाटेल तसं खायची. एक बाळ तर मुडदूस झालेलं आलं होतं, ते बरं होईपर्यंत माशाच्या तेलाच्या वाटीकडे वळायचं आणि नंतर त्याने ते सोडून दिलं. सगळी मुलं धडधाकट झाली. १९३९ मध्ये डेव्हिसबाईंनी हे मांडलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट लपवली नाही: खरी मेख यादीत होती. चौतीस पदार्थ, सगळे साधे. दूध, अंडी, कलेजी, फळं, भाज्या, धान्य. साखर नाही, डबाबंद काही नाही. मुलांना मोकळीक होती ती या चौतीस वाट्यांच्या आत. आणि ही मुलं अनाथ किंवा आईने सांभाळायला सोपवलेली होती. 'आमच्यात चालत नाही' म्हणायला तिथे पालक नव्हतेच.

म्हणजे प्रश्न लेकरू निवडेल की बाप, असा नाहीच. यादी कोण करतंय, असा आहे.

आमच्या गावात लेकरांसमोर याद्या तीन. एक, घराची. भाकरी, वरण, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, सणाला पोळी. दोन, शाळेची. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत असा सरकारी नियम आहे, आणि ती मुख्यतः तांदूळ आणि डाळीतून यायची असतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या दिवसाच्या हिशोबाच्या निम्मी. (गावापासून तासाभरावर परभणीचं कृषी विद्यापीठ आहे. तिथे लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' ज्वारीचं वाण २०१८ मध्ये बाहेर पडलं. मी आमच्या शाळेच्या ताटात त्याची भाकरी कधी पाहिलेली नाही, आणि ते मला अंड्याइतकंच लागतं.) तिसरी यादी शाळेसमोरच्या टपरीची. रंगीत पुड्यांच्या माळा लोंबतात, पाच रुपयांना एक.

माझा पुतण्या तेव्हा दुसरीत होता. आबा त्याला रोज सकाळी दहा रुपये देतात. तो दोन पुडे घेतो, एक वर्गात जाईपर्यंत संपतो, एक मधल्या सुट्टीत. खिचडी अर्धी राहते. अंड्यासाठी सभा झाली, फॉर्म छापले, सह्या झाल्या, टक्का निघाला. त्या दहा रुपयांसाठी कुणी कधी सभा बोलावली नाही. पुड्यात काय आहे यापेक्षा तो कुणाच्या चुलीवरचा आहे हे बघायची आपल्याला सवय आहे, आणि पुड्याला चूल नसते.

आता त्या ३१ फॉर्मकडे परत येतो. त्यातला पहिला आमचा होता. पुतण्याचे आई-बाप घरातच होते, पण सही आबांची. दादाला त्या दिवशी हरभरा काढायचा होता आणि वहिनीला कुणी विचारलंच नाही. वहिनीच्या माहेरी अंडी खातात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. संध्याकाळी मी तिला विचारलं तर ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "माझे भाऊ रोज एक खायचे. मला नव्हतं, पोरीला कशाला म्हणून." मला वाटलं होतं ती आबांबद्दल बोलेल.

उरलेल्या तीस फॉर्ममध्ये निदान पाच घरं अशी होती जिथे मी स्वतः अंडं खाल्लंय. त्यातला एक तर तोच मित्र, सहावीतला. रात्री वरातीत गाठून त्याला विचारलं, "तू काहून नाही लिहिलंस?"

तो म्हणाला, "कागद फिरत फिरत आला. वर आबांची सही. त्यांच्याखाली 'हो' कुठं लिहू? उद्या त्यांच्याच दारात जायचंय बियाण्याला." मग हसला. "आन पोरं घरी खायलेतच की."

त्याची पोरं घरी खातात. कांबळे वस्तीतली सगळीच खात असतील असं नाही. अंडं तेव्हाही सहा-सात रुपयांना होतं, आणि चार लेकरांच्या घरात ते बाजाराच्या दिवशीच येतं.

निघायच्या आदल्या रात्री मी आबांशी बोललो. या विषयावर आयुष्यात पहिल्यांदा. मी केळ्याचं सांगितलं, की आपल्या पोराला केळं मिळालंच असतं, आपण बाकीच्यांचं का थांबवलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"एका पंगतीत एकाच्या ताटात ते आन एकाच्या ताटात हे, लेकराचं मन व्हतंच की रे," ते म्हणाले. "तुझं झालं तसं."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. नांदेडचंही, पुण्याचंही. मी काही बोललो नाही.

"आन दुसरं," ते म्हणाले. "म्या आपल्या लेकरापुरती सही केली. फॉर्मवर त्याचंच नाव व्हतं. गावाचा टक्का म्या नाही काढला. तो तू काढलास."

मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा सरकारवर लिहिणार होतो. चाळीस टक्के कुठून आले, तीस का नाही, साठ का नाही, एकाच्या नकाराचं दुसऱ्यावर ओझं का. ते सगळं अजूनही खरं आहे. पण आबांच्या त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांनी त्यांच्या श्रद्धेने एक सही केली, समोर ठेवलेल्या चौकटीत. ती सही चाळीस इतरांच्या मुलांपर्यंत पोहोचवणारं गणित मी केलं, आणि मी स्वतः ऑम्लेट खाणारा. सरांना "८६ धरू, पंधरा जणांना फोन करू, दोन दिवस थांबू" असं म्हणायला मला काही पडत नव्हतं. त्यांचे नंबर शाळेच्या रजिस्टरमध्ये होते. मी म्हणालो नाही, कारण लग्नाचं घर होतं, आणि पहिली सही आपल्याच बापाची होती, आणि छेद वाढवला तर तो टक्का आपल्याच घरातून पडला असं गावात झालं असतं.

पुढे तो प्रश्नच उरला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं ठरलं. आमच्या गावात लोकवर्गणी होते. सप्ताहाला दरवर्षी होते, यंदा मंदिराच्या सभामंडपाच्या फरशीलाही झाली. अंड्यासाठी कुणी पावतीपुस्तक काढलं नाही. मीही नाही. मुख्याध्यापकांची बदली झाली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आठ दिवस माझ्याकडे पुण्याला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तव्यावर ऑम्लेट टाकलं तर तो ओट्याला टेकून बघत राहिला. मी विचारलं खायचंय का. त्याने मान हलवली, अर्धं खाल्लं, बाकीचं ठेवलं, त्याला फारसं आवडलं नसावं. मग म्हणाला, "काका, आबांना नाही ना सांगायचं?"

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सांगितलं. पलीकडे सुपारी कातरायचा आवाज थांबला.

"तवा येगळा हाय का?" आबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"घेऊन टाक एक," ते म्हणाले, आणि पुतण्याला विचारायला लागले की तिकडं थंडी पडली का.